आधी वाट, मग ठिकाणे

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. मोटारीने इतिहास पाहायला निघणाऱ्यांच्या हाती त्यामुळे एक आयता आराखडा आला. बारा नावे नकाशावर टाकायची, मोबाइलला जवळचा रस्ता विचारायचा, रजा आणि मुक्काम मोजायचे आणि एकेक नाव खोडत सुटायचे. अजिंठा-वेरूळच्या सहली अशाच आखल्या जातात, कोकणातल्या जलदुर्गांच्याही. जितकी नावे जास्त तितकी सहल सार्थकी लागली, हा हिशेब आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की सहल दुसऱ्या कुठल्या पद्धतीने आखता येईल असा विचारही मनात येत नाही.

हा हिशेब मुळातच उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे. स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्याने आधी वाट निवडावी आणि कुठे थांबायचे हे त्या वाटेला ठरवू द्यावे. महाराष्ट्रातली लेणी, गड आणि जुनी शहरे जिथे आहेत तिथे ती कुठल्यातरी वाटेमुळे आहेत. वाट वगळून ठिकाण पाहिले तर कोरीवकाम दिसते, तटबंदी दिसते, पण ते सारे तिथेच का, हा इतिहासाचा पहिला प्रश्न अनुत्तरित राहतो. युनेस्कोची नोंदही हेच सांगते. तिथे बारा सुट्या वास्तूंचा गौरव झालेला नाही. डोंगर, पठार, किनारा आणि बेटे हाताशी धरून उभारलेली एक संरक्षणव्यवस्था म्हणून हे किल्ले एकत्र नोंदले गेले आहेत. व्यवस्थेचे सांधे पाहायचे तर दोन किल्ल्यांच्या मधला मुलूख पाहावा लागतो. तो निवांत पाहण्याची सोय ज्याच्या हाती स्टिअरिंग आहे त्यालाच सर्वांत जास्त असते, आणि नेमकी तीच सोय आपण वाया घालवतो.

१. डोंगराने ठरवलेला इतिहास

युक्तिवादाची पहिली पायरी भूगोलाची. सह्याद्री ही कोकण आणि देश यांच्यामधली सलग भिंत आहे आणि तिच्यातून बैल, घोडा किंवा सैन्य नेता येईल अशा जागा मोजक्याच आहेत. थळघाट, नाणेघाट, बोरघाट, वरंधा, पार, कुंभार्ली अशी नावे घेत दक्षिणेकडे जावे. प्रत्येक घाटाचे खालचे टोक कुठल्यातरी खाडीकडे किंवा बंदराकडे जाते आणि वरचे टोक एखाद्या बाजारपेठेकडे. मालाची ये-जा आली की जकात आली, जकातीबरोबर पहारा आला. व्यापाऱ्यांचा राबता असला की भिक्षूंना दान मिळते आणि डोंगरात लेणी खोदली जातात. पुढच्या शतकांत त्याच वाटा रोखायला गड बांधले जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या डोंगरांत वर्षानुवर्षे पायी हिंडले ते याच सूत्रामागे. लेणी, देवीची ठाणी आणि जुन्या वाटांचे छेद एकमेकांशी कसे जुळतात, हे त्यांनी जमिनीवर चालून दाखवले. हिमांशू प्रभा राय यांनी ‘मोनास्टरी अँड गिल्ड’ या ग्रंथात सातवाहन काळातले विहार आणि व्यापार यांचा संबंध तपशीलवार मांडला.

बोरघाटाच्या माथ्यावर हे उघड दिसते. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी आणि लोहगड, विसापूर हे गड एकाच घाटाच्या तोंडाशी उभे आहेत. यांपैकी कार्ल्याचा चैत्य जवळून पाहावा. सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच असा हा कातळातला सभामंडप. छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत आणि बहुतेकांची नजर तिथेच खिळते. पण नजर खाली, खांबांवर आणावी. तिथे ब्राह्मीत दात्यांची नावे आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत, म्हणजे ग्रीक किंवा ग्रीकांशी नाते सांगणारे लोक. सोपाऱ्याचा एक भिक्षू आहे. दाराजवळ गंधिक सिंहदत्त, म्हणजे अत्तरे-सुगंध विकणारा, आणि सामी नावाचा सुतार. या चैत्याची उभारणी आपण पूर्ण केली असे सांगणारा भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा. एका लेण्यात एवढ्या दूरदूरची माणसे कशी आली, याचे उत्तर लेण्यात मिळत नाही. ते समोरच्या खोऱ्यात आहे. इंद्रायणीच्या त्या मोकळ्या पट्ट्यातूनच कोकणाकडची वाट बोरघाटाला लागत असे. एकवीरेच्या पायऱ्या चढून आलेला प्रवासी चैत्य पाहून आल्या पावली परततो. त्याने दहा मिनिटे खोऱ्याकडे तोंड करून काढली, तर खांबांवरची नावे त्याला माणसे म्हणून भेटतील.

२. एक वाट टोकापासून टोकापर्यंत: कल्याण ते तेर

मग सहल वाटेवरून आखायची म्हणजे काय? माझ्या मते महाराष्ट्रातली सर्वांत बोलकी वाट कल्याणच्या खाडीपासून नाणेघाट, जुन्नर, नेवासे, पैठण असे करत तेरपर्यंत जाते. एरवीच्या याद्यांत हिच्यावरची निम्मी नावेही सापडत नाहीत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून व्यापार करणाऱ्या, ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक माणसाने अरबी समुद्राच्या बंदरांची माहितीपुस्तिका तयार केली. आज ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. तीत सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर आणि तगर, म्हणजे आजचे तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर, असे तो लिहितो. तिथून गाड्यांवर लादून माल भडोचला येतो, हेही सांगतो. कल्याणच्या बंदरात त्याच्या काळी अडथळे होते आणि तिथे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला धाडली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या सत्तासंघर्षाची धग एका व्यापाऱ्याच्या टिपणात अशी उतरली आहे. आज पैठण ते तेर हे दहा दिवसांचे अंतर मोटारीने अर्ध्या दिवसात कापले जाते. गाडी चालवताना हा फरक डोक्यात असला तर मधल्या मराठवाड्याचे सपाट, उघडे माळ वेगळे दिसू लागतात.

कल्याणहून मुरबाडमार्गे निघाल्यावर टोकावडे मागे टाकले की वैशाखरे येते. इथे गाडी लावून नाणेघाट पायी चढता येतो. ज्यांना चढायचे नाही त्यांनी माळशेज चढून जुन्नरला यावे आणि जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याने घाटमाथा गाठावा. हा दुसरा रस्ता अनेकांना निव्वळ सोयीचा वाटतो. मला तो स्वतंत्रपणे मोलाचा वाटतो. जुन्नर सोडल्यावर शिवनेरी मागे राहतो, वाटेत चावंड येतो, कुकडीच्या खोऱ्यापलीकडे हडसर दिसतो आणि घाटाच्या तोंडाशी जीवधन उभा असतो. एकाच वाटेवर नजर ठेवणारे हे चार पहारेकरी खिडकीतून क्रमाने दिसतात. चौघांपैकी एकावरही न चढता त्यांची रचना कळते. पूर गावाजवळ कुकडीच्या उगमाशी कुकडेश्वराचे देऊळ आहे, तिथे थांबावे.

माथ्यावर दोन कातळांमधली अरुंद खिंड आहे आणि तिच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. थोडे खाली उतरले की गुहा लागते. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांमागून यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचे आकडे त्यात आहेत. भारतातल्या अंकचिन्हांच्या अभ्यासात या लेखाला फार महत्त्व आहे. आता विचार करावा, की राजघराण्याने आपल्या वैभवाचा हिशेब राजधानीत न कोरता डोंगराच्या एका खिंडीत का कोरला? ज्यांनी तो पाहावा असे वाटत होते ते सगळे इथून जात होते म्हणून. मोटारीने वरून आलेल्याने पंधरा-वीस मिनिटे तरी त्या दगडी वाटेने कोकणाच्या बाजूला उतरावे, मग वळून वर पाहावे. ओझे घेऊन चढणाऱ्याला ही खिंड कशी दिसत असेल हे तेवढ्याने कळते.

जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींची नावे येतात. इथे एक पूर्ण दिवस हवा. पुढे नेवासे. ज्ञानेश्वरीमुळे हे गाव मराठी माणसाला ठाऊक असते, पण ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे केलेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले. भूमध्य समुद्राकाठचा कुंभ प्रवरेच्या काठी आला तो अशाच एखाद्या घाटाने वर चढून. पैठणला गोदावरीचा घाट आणि नाथांचा वाडा सगळे पाहतात. जुन्या पांढरीच्या टेकाडांकडे फारसे कोणी फिरकत नाही. आणि शेवटी तेर. तेरणेकाठी त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याची मागची बाजू चैत्यासारखी गोलाकार आहे, आणि मुळात तो बौद्ध चैत्य असावा असे अभ्यासक मानतात. गोरोबाकाकांची समाधी त्याच गावात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालयही तिथेच आहे. त्या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेईला सापडलेल्या मूर्तीच्या जातकुळीतली आहे. कल्याणची खाडी पाहून निघालेल्या माणसाला ही मूर्ती म्हणजे त्याच वाटेचे दुसरे टोक वाटते. थेट तेरला येऊन ती पाहिली तर संग्रहालयातल्या अनेक वस्तूंपैकी ती एक ठरते.

३. जिथे रस्ताच पुरावा असतो

व्यापाराच्या वाटांबद्दल जे खरे, ते युद्धाबद्दल जास्तच खरे. प्रतापगड पाहायला येणारी गाडी महाबळेश्वरहून येते, दोन तासांत गड पाहून परतते. लोक भवानीचे देऊळ पाहतात, कडा पाहतात, १० नोव्हेंबर १६५९ ची हकीगत ऐकतात. हकीगत ऐकून मनात राहते ते शौर्य आणि प्रसंगावधान. पण त्या दिवसाचा निकाल आधीच्या आठवड्यांत भूगोलाने बराचसा लावून ठेवला होता, आणि तो भूगोल वाईहून निघाल्याशिवाय कळत नाही.

अफजलखानाचा तळ वाईला होता. मोकळे खोरे, कृष्णेचे पाणी, घोडदळाला हवा तसा सपाट मुलूख. तिथून गाडीने पसरणीचा घाट चढावा, पाचगणी-महाबळेश्वरचे पठार ओलांडावे आणि आंबेनळी घाटाने उतरू लागावे. एका सकाळीत जमीन तीनदा बदलते. खोरे संपून पठार येते, पठार संपून जावळीची दाट झाडी आणि कोयनेची चिंचोळी दरी. खानाचे सैन्य रडतोंडीच्या घाटाने याच दरीत उतरले आणि पारला थांबले. तोफा, हत्ती, घोडदळ, ज्यांच्या जोरावर मैदान जिंकता आले असते ते सारे, या दरीत अडचण होऊन बसले. आजच्या रस्त्याची वळणे वेगळी आहेत, पण दरीची रुंदी तीच आहे. कुंभरोशीहून पारकडे उतरून कोयनेवरचा शिवकालीन पूल पाहावा, तिथून गडाकडे नजर टाकावी, आणि मगच गड चढावा. १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर हा गड इथेच का बांधला, हे मग कोणी समजावून सांगावे लागत नाही.

उंबरखिंडीचेही तसेच. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची मोगल फौज कुरवंडा घाटाने कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी तिला झाडीत कोंडले. ही जागा खोपोलीपासून फार लांब नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून रोज हजारो गाड्या त्याच डोंगररांगेतून धावतात आणि त्यांतल्या फार थोड्या कधी तिथे वळतात. यादीत ‘लोहगड’ असतो. उंबरखिंड नसते, कारण तिथे पाहायला एक स्मारक, एक ओढा आणि नागफणीचा सुळका एवढेच आहे. मला मात्र लष्करी इतिहास कळायला ही जागा एखाद्या मोठ्या गडाइतकीच महत्त्वाची वाटते.

४. वेगवान रस्ता काय पुसतो

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता कसाऱ्याचा घाट सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पार करतो. प्रवासी आणि माल यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इतिहास पाहायला निघालेल्याने ओळखावे, की दोन हजार वर्षे या प्रदेशाचे राजकारण आणि व्यापार ज्या अडथळ्याभोवती फिरला तोच इथे काही मिनिटांत अदृश्य होतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात, म्हणजे पांडवलेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या, अनेक नद्यांवर फुकट नावांची सोय केली, असे तो अभिमानाने सांगतो. नदी ओलांडणे ही पुण्याची बाब का होती, हे पुलावरून ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्याला कसे उमगणार? निदान एका बाजूचा प्रवास जुन्या कसारा घाटाने करावा. इगतपुरी, घोटी, मग लेणी. परत येताना समृद्धीने खुशाल यावे.

५. आक्षेप

पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप रजेचा. नोकरदाराला वर्षातून एकदा आठवडा मिळतो. तो तेवढ्यात अजिंठा, वेरूळ, देवगिरी, रायगड सगळे पाहू इच्छितो, आणि त्याला ‘एकच वाट धर’ म्हणणे निष्ठुरपणाचे वाटू शकते. पण अशा आठवड्यात प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. निम्मा दिवस गाडीत जातो, ठिकाणी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते, आणि चौथ्या दिवसापासून मुले गाडीतून उतरायला नकार देतात. घाईत पाहिलेल्या आठ गोष्टींपैकी वर्षभराने दोनच आठवतात. एका वाटेवरच्या पाच गोष्टी एकमेकींच्या आधाराने लक्षात राहतात, कारण त्यांच्यात कार्यकारणाचे नाते असते.

दुसरा आक्षेप असा, की प्रसिद्ध ठिकाणे उगीच प्रसिद्ध नाहीत. आडवाटेच्या हौसेपायी अजिंठा सोडायचा का? मुळीच नाही. अजिंठ्याची चित्रे जगात कुठेही श्रेष्ठच ठरतील. पण अजिंठाही वाटेवरच आहे. दख्खनचे पठार जिथे तापीच्या खोऱ्यात उतरते त्या घाटाजवळ. त्याच कड्यावर पश्चिमेला, कन्नडजवळ, पितळखोरे आहे, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांच्या काळातले. तिथल्या खांबावर पैठणच्या गंधिक मित्रदेवाचे नाव आहे. पैठण, पितळखोरे, अजिंठा असा क्रम लावला तर अजिंठा कमी होत नाही, उलट त्याची पूर्वपीठिका कळते.

तिसरा आक्षेप म्हणजे जुन्या वाटा उरल्याच कुठे, मोटार तर डांबरी रस्त्यानेच जाणार. हे अर्धे खरे आहे. माळशेज म्हणजे नाणेघाट नव्हे आणि आंबेनळी म्हणजे रडतोंडी नव्हे. तरी डोंगर बदललेला नाही आणि नव्या रस्त्यालाही त्याच खोऱ्यांतून जावे लागते. उरलेल्या अर्ध्यासाठी दर वाटेवर निदान एकदा गाडी सोडून पायी चालावे, एवढेच माझे म्हणणे.

वयस्कर माणसे सोबत असतील तर? त्यांच्यासाठी तर ही पद्धत जास्त सोयीची. किल्ल्यांची यादी गुडघ्यांची परीक्षा घेते, वाट खिडकीतूनही बरीचशी कळते.

गाडीच कशाला, एसटी आहे की, असेही कोणी म्हणेल. एका ठिकाणी जायचे तर एसटी उत्तमच आणि मी तिचाच आग्रह धरीन. पण चावंडच्या पायथ्याशी किंवा पारच्या पुलापाशी हवे तेव्हा थांबण्याची मुभा ती देत नाही. स्वतःच्या गाडीचे खरे समर्थन ही मुभा आहे. जो ती वापरणार नाही त्याने लहान गावांच्या अरुंद रस्त्यांवर आणखी एका गाडीची भर न घातलेली बरी.

६. आखणीत प्रत्यक्ष काय बदलते

वाट ठरली की मुक्काम घाटाच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर पडतो, शहरात पडत नाही. सकाळी उतारावर उन्हे पडण्याआधी घाटात असणे हे सर्वांत महत्त्वाचे वेळापत्रक ठरते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. यादीवाला या दोन वारांभोवती साऱ्या सहलीची मोडतोड करतो. वाटेवरून जाणाऱ्याला ते दिवस पितळखोऱ्याला किंवा पैठणला देता येतात. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूर फाट्यावर सोडून बसने जावे लागते, म्हणून तिथे निम्म्या दिवसाचा हिशेब करू नये. पावसाळ्यात माळशेज, वरंधा आणि आंबेनळीत दरडी कोसळतात आणि रस्ते बंद होतात. जलदुर्गांच्या होड्याही तेव्हा बंद असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा आणि रात्री घाटात गाडी घालू नये. सोबत दोघांना तरी गाडी चालवता यावी, नाहीतर सर्वांत जास्त रस्ता पाहणारा माणूस डोंगर सर्वांत कमी पाहतो. एकाने चालवावे, दुसऱ्याने नकाशा आणि पुस्तक घेऊन बसावे. वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिम क्षत्रप यांच्या कोरीव लेखांवरचा मराठी ग्रंथ गाडीत असला तर नाणेघाट, जुन्नर, नाशिक आणि कार्ले इथले लेख जागेवर उभे राहून वाचता येतात.

आणि एक मागणी सरकारकडे. आपल्या रस्त्यांवर ऐतिहासिक ठिकाणांचे फलक आहेत, ते अंतर सांगतात आणि बाण दाखवतात. वाटांचे फलक मला कुठे दिसत नाहीत. वैशाखऱ्याला महामार्गालगत कल्याण ते तेर या वाटेचा नकाशा लावावा. खोपोली-पाली रस्त्यावर, उंबरखिंडीकडे वळायच्या जागी, कुरवंडा घाट आणि १६६१ च्या चालीची आकृती असावी. वाईत पसरणी घाटाच्या सुरुवातीला खानाचा तळ आणि जावळीत उतरण्याचा मार्ग दाखवावा. या तीन फलकांना येणारा खर्च एखाद्या गडावर नवे प्रवेशद्वार उभारण्याच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि त्यासाठी मूळ वास्तूच्या एका दगडालाही हात लावावा लागत नाही.